रात्री बोट कुठे झोपते?



एस.टी. रात्री डेपोत झोपते. रेल्वेचं इंजिन यार्डात झोपतं. विमानालाही चाकांना ठोकळे लावून जमिनीवर उभं करतात. मग सांगा पाहू, बेटाबेटांतून हिंडणारी छोटी शिडाची बोट रात्री कुठे झोपते?

"बंदरात!" असं तुमच्यातले बरेच जण म्हणतील. बरोबर आहे. पण जिथे बंदर नाही, धक्का नाही, दोर बांधायला साधा खुंटासुद्धा नाही, तिथे काय करायचं? पाण्याला ब्रेक नसतो. वारा ढकलत राहणार, प्रवाह ओढत राहणार, आणि बोटीवरच्या माणसांना तर झोप हवीच!

जगात अशी कितीतरी कुटुंबं आहेत, जी काही महिने, कधी काही वर्षंसुद्धा छोट्या बोटीवरच घर करून राहतात. आई, बाबा, मुलं, स्वयंपाकघर, पुस्तकं, सगळं दहा-बारा मीटर लांबीच्या बोटीत. आज आपण अशा एका बोटीबरोबर एक दुपार आणि एक रात्र काढू या. चला, नकाशाचं पुस्तक उघडा.

प्रशांत महासागर शोधा. त्याच्या मधोमध, विषुववृत्ताच्या खाली, ताहिती नावाचं बेट दिसेल. ताहितीच्या ईशान्येला आणि पूर्वेला बारीक बारीक ठिपक्यांची एक लांबच लांब माळ आहे. तिचं नाव तुआमोतू. या माळेत सत्तरहून अधिक बेटं आहेत, आणि ती आपल्या ओळखीच्या बेटांसारखी नाहीत. त्यांना म्हणतात कंकणद्वीप. नावाप्रमाणेच ती बांगडीसारखी असतात. बाहेर निळा, खोल महासागर. मग पोवळ्यांच्या खडकांचं गोल कडं. आणि कड्याच्या आत शांत पाणी, ज्याला तुमच्या भूगोलात 'खाजण' म्हणतात. कड्यावर मध्ये मध्ये माडांची चिंचोळी बेटं असतात. तिथले लोक त्यांना 'मोतू' म्हणतात. यातलं रांगिरोआ नावाचं कंकण तर एवढं मोठं आहे, की त्याच्या एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसत नाही.

बोटीला कंकणाच्या आत शिरावंच लागतं. का? कारण बाहेरच्या बाजूला समुद्राचा तळ एकदम खाली जातो, विहिरीच्या काठासारखा. तिथे नांगर टाकला तर तो तळाला धड टेकतच नाही. कॅप्टन जेम्स कुक यांना हे फार महागात पडलं होतं. ऑगस्ट १७७३ मध्ये ताहितीजवळ वारा अचानक पडला आणि त्यांची दोन मोठी जहाजं पोवळ्यांच्या खडकांकडे ओढली जाऊ लागली. नांगर टाकले, पण ते लवकर धरेनात. जहाजं कशीबशी वाचली, काही नांगर मात्र समुद्रातच सोडावे लागले. त्यातला एक नांगर २०० हून अधिक वर्षांनी पाण्याखाली सापडला.

दुपारीच घाई का?

आता आपली बोट एका अरुंद वाटेनं कंकणाच्या आत आली आहे. दुपारचे दोन वाजलेत. ऊन चांगलं आहे, पाणी सुंदर आहे, पोहावंसं वाटतंय. पण नाही! आधी रात्रीची सोय.

या भागात संध्याकाळ फार छोटी असते, बरं का. सूर्य बुडाला की थोड्याच वेळात मिट्ट काळोख होतो. आणि काळोखात पाण्याखालचा खडक दिसत नाही. नुसता काळोखच कशाला, सूर्य खाली कलला तरी पाणी आरशासारखं चकाकतं आणि आतलं काही दिसेनासं होतं. म्हणून सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच जागा शोधायची, हा इथला पहिला धडा.

बोटीच्या पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, एक जण उभा राहतो. पुष्कळदा हे काम मुलांकडे असतं. त्याला पाण्याचे रंग वाचायचे असतात. गडद निळं पाणी म्हणजे खोल. फिकट हिरवं-निळं पाणी म्हणजे खाली पांढरी वाळू. आणि तपकिरी डाग? सावधान! तिथे पोवळ्यांचा खडक पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आला आहे. इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ओरडलेलं मागे ऐकू येत नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांनी हाताच्या खुणा आधीच ठरवलेल्या असतात. डावा हात बाहेर म्हणजे डावीकडे, मूठ वर म्हणजे थांबा. आहे की नाही गंमत?

एकच शब्द, दोन नांगर

हवी ती पांढरी वाळू सापडली. आता नांगर टाकायचा.

इथे एक प्रश्न विचारते. नांगर बोटीला कशामुळे धरून ठेवतो? "जड असतो म्हणून!" हेच उत्तर मनात आलं ना? पण विचार करा. बारा मीटरच्या बोटीचं वजन दहा टनांच्या आसपास असू शकतं आणि तिचा नांगर असतो पंचवीस-तीस किलोंचा. म्हणजे तुमच्यातल्या एखाद्या पाचवीतल्या मुलाएवढा! तो नुसत्या वजनानं एवढ्या मोठ्या बोटीला कसा अडवणार?

फार पूर्वी मात्र माणसं वजनावरच भिस्त ठेवत. मोठ्या दगडाला भोक पाडायचं, दोर ओवायचा आणि द्यायचा पाण्यात सोडून. गुजरातेत द्वारकेजवळ समुद्राच्या तळाशी असे दगडी नांगर पुष्कळ सापडले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्यात बुड्या मारून त्यांचा अभ्यास केला आहे.

आजचा नांगर वजनानं धरत नाही. तो जमिनीत रुतून धरतो. आणि पाहा, आपल्या मराठीत शेतातल्या अवजारालाही नांगर म्हणतात आणि बोटीच्या अवजारालाही नांगरच म्हणतात! शेतातला नांगर कसा चालतो? बैल पुढे ओढतात आणि फाळ जमिनीत खोल शिरतो. बोटीचं तसंच. वारा बोटीला मागे ओढतो आणि त्या ओढीनंच नांगराचं पातं वाळूत शिरतं. फरक एवढाच, की शेतातल्या नांगरानं पुढे सरकायचं असतं आणि समुद्रातल्यानं रुतून थांबायचं असतं.

ही गोष्ट एका शास्त्रज्ञानं फार छान उपयोगात आणली. इंग्लंडमधल्या केंब्रिजचे जेफ्री टेलर हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि शिडाच्या बोटीचे शौकीनही. त्यांनी १९३३ मध्ये खरोखरच शेतातल्या फाळाच्या आकाराचा नांगर तयार केला. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी त्यांना हलका पण घट्ट धरणारा नांगर हवा होता. त्याचं नाव 'सी.क्यू.आर.'. ही तीन अक्षरं इंग्रजीत भरभर म्हणून पाहा. 'सिक्युअर', म्हणजे सुरक्षित, असं ऐकू येतं! पुढे हा नांगर जगभरच्या छोट्या बोटींवर गेला.

साखळी सोडायला शिका

पण थांबा. नांगर रुतायला एक अट आहे. ओढ आडवी हवी. ओढ वरच्या दिशेनं आली, तर रुतलेला नांगरही मुळ्यासारखा उपटून येतो. म्हणून बोटवाले लोक भरपूर लांब साखळी सोडतात. लांब साखळी तळावर आडवी पडून राहते, आणि नांगराला जमिनीलगतची ओढ बसते.

किती लांब? त्याचं गणित सोपं आहे. समजा, पाणी ६ मीटर खोल आहे. साखळी सुटते ती जागा पाण्याच्या वर १ मीटर आहे. झाले ७ मीटर. याच्या निदान पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी सोडायची. वारा जोराचा असेल तर सातपट, म्हणजे ४९ मीटर.

आता आणखी एक गणित. वारा फिरला की बोटही नांगराभोवती फिरणार. ३५ मीटर साखळी आणि १२ मीटर बोट मिळून साधारण ४७ मीटर त्रिज्येचं वर्तुळ झालं. या वर्तुळात दुसरी बोट नको, खडक नको, काही नको. कंपासपेटीतलं वर्तुळ असं समुद्रात उपयोगी पडतं!

करून पाहा

हा प्रयोग आम्ही शाळेच्या मैदानावर, लांब उडीच्या वाळूत केला. तुम्ही नदीच्या वाळूत किंवा अंगणात बांधकामाची वाळू पडली असेल तर तिथे करा. जेवणाच्या टेबलावरचा एक जुना काटा घ्या. त्याचे दात मुठीच्या बाजूला खाली वळवून द्यायला मोठ्या माणसांना सांगा. मुठीच्या टोकाला चार-पाच हात लांब सुतळी बांधा. आता काटा वाळूवर ठेवा, दात खाली.

आधी सुतळी आखूड धरा आणि वर ओढा. काटा सहज निघाला ना? आता सुतळी पूर्ण सोडा, हात अगदी जमिनीलगत ठेवा आणि हळूहळू ओढा. काटा वाळूत शिरू लागेल. आणखी ओढाल तर आणखी खोल जाईल. शेवटी काट्याच्या वजनाएवढा एक दगड त्याच सुतळीला बांधून ओढा. तो नुसता घसरत येईल. वजन तेच, पण पकड कुठे आहे?

झोपण्याआधीची तपासणी

नांगर टाकला म्हणजे काम संपलं असं नाही. इंजिन उलटं चालवून बोट मागे ओढून पाहतात. नांगर सरकला तर उचलून पुन्हा टाकतात. कधी दोनदा, कधी चारदा. कंटाळा करायचा नाही. मग कुणीतरी डोळ्यांवर पाण्याचा चष्मा लावून खाली पोहत जातं आणि नांगर खरोखर रुतला आहे का, हे डोळ्यांनी बघून येतं.

मग खुणा घ्यायच्या. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्याच्या मागचं एक घर एका रेषेत दिसतंय? लक्षात ठेवा. दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी शोधा. रात्री जाग आली आणि या जोड्या जागच्या जागी दिसल्या, तर बोट हललेली नाही. आता जी.पी.एस. यंत्रही असतं. बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की ते भोंगा वाजवतं. तरी जुन्या खुणा कुणी सोडलेल्या नाहीत. यंत्राची वीज गेली तरी माड कुठे जात नाही!

अंधार पडला की वर एक पांढरा दिवा लावायचा. चारही बाजूंनी दिसणारा हा दिवा म्हणजे 'आम्ही इथे नांगर टाकून थांबलो आहोत' असा निरोप. हा नियम सगळ्या जगात एकच आहे.

आता खरी संध्याकाळ. पण चैन किती आणि काटकसर किती, तेही ऐका. बोटीच्या टाकीत गोडं पाणी मोजकंच. आंघोळ समुद्रात, आणि वरून अंगावरचं मीठ धुवायला गोड्या पाण्याचा एखादा तांब्या. भांडी आधी खाऱ्या पाण्यात घासायची, मग गोड्या पाण्यानं फक्त विसळायची. पाऊस आला की ताडपत्री पसरून पाणी धरायचं. आपल्याकडे ज्या गावांत टँकर येतो, तिथल्या मुलांना हे वेगळं सांगायला नकोच. कंकणद्वीपांवर नदी-ओढे नाहीत. तिथली माणसंही छपरावरचं पावसाचं पाणी साठवून वर्ष काढतात.

मासे मात्र भरपूर असतील, नाही? आहेत, पण विचारल्याशिवाय खायचे नाहीत! पोवळ्यांवरच्या एका सूक्ष्म शेवाळात विष असतं. ते छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे मासे खातात, आणि विष साठत जातं. माशाला वास येत नाही, चव बदलत नाही, शिजवूनही विष जात नाही. एका खाजणातला मासा चांगला, तर शेजारच्या खाजणातला तोच मासा बाधतो. मग कळणार कसं? गावातल्या कोळ्यांना विचारायचं. कितीही पुस्तकं वाचली असली, तरी त्या पाण्याचे खरे शिक्षक तेच.

आणि शाळा? चुकत नाही हं! बोटीवरची मुलं पोस्टानं किंवा संगणकावरून येणारा अभ्यास करतात. लॉरा डेकर नावाची एक डच मुलगी आहे. आईबाबांच्या सागरप्रवासातच, १९९५ मध्ये, न्यूझीलंडला एका बोटीवर तिचा जन्म झाला. पुढे तिनं एकटीनं बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि जानेवारी २०१२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती पूर्ण केली. पण हो, हे करण्याआधी अनेक वर्षं ती बोटीवरच शिकत होती. शिवाय इतक्या लहान मुलीला जाऊ द्यावं का, यावर तिच्या देशात कोर्टात खटलासुद्धा चालला होता. तेव्हा उद्याच निघू नका!

वारा फिरला तर?

आपल्या बोटीवर सगळे झोपले आहेत. इथे बहुतेक दिवस व्यापारी वारे आग्नेयेकडून येतात. म्हणून बोट मोतूच्या आडोशाला, वारा जमिनीवरून येईल अशी उभी केलेली असते. नांगर सरकलाच, तरी बोट मोकळ्या पाण्याकडे जाईल, खडकाकडे नाही.

पण वारा उलटा फिरला, तर कालचा आडोसाच आज सापळा होतो. बोटीच्या मागे किनारा आणि समोर मैलोनमैल मोकळं खाजण, त्यावरून धावत येणाऱ्या लाटा. म्हणून हवामानाचा अंदाज ऐकून, वारा फिरण्याआधीच, उजेडात जागा बदलावी लागते.

भल्याभल्यांना याचा फटका बसला आहे. बर्नार म्वातेसिए हे फ्रान्सचे नामवंत दर्यावर्दी. १९६८-६९ मध्ये त्यांनी 'जोशुआ' या बोटीतून, कुठेही न थांबता, एकट्यानं दीड पृथ्वीप्रदक्षिणेएवढा प्रवास केला आणि ताहितीला येऊन थांबले. पुढे याच तुआमोतूतल्या आहे नावाच्या कंकणावर ते कुटुंबासह राहिलेही. पण डिसेंबर १९८२ मध्ये त्यांची बोट मेक्सिकोतल्या काबो सान लुकासच्या उपसागरात नांगरलेली होती. तो उपसागर एका बाजूनं उघडा आहे. रात्री नेमकं त्याच उघड्या बाजूनं वादळ आलं. पहाटेपर्यंत पंचवीसहून अधिक बोटी वाळूवर फेकल्या गेल्या होत्या, आणि त्यांत 'जोशुआ'ही होती. महासागरांनी जिचं काही वाकडं केलं नाही, ती बोट नांगरावर उभी असताना मोडली. पुढे तिची दुरुस्ती झाली. आज ती फ्रान्समधल्या ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाकडे आहे.

खाली कोण राहतं?

आपण झोपलो तरी नांगर आणि साखळी जागीच असतात. वारा वळला की साखळी तळावर झाडूसारखी फिरते. खाली वाळू असेल तर काही बिघडत नाही. पण पोवळं असेल तर? पोवळे म्हणजे दगड नव्हेत, तर इवल्याशा जिवांनी बांधलेली घरं. गोल, भरीव पोवळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. एका रात्रीत साखळी जे तोडते, ते भरून यायला तुमचं सगळं शालेय जीवन पुरणार नाही.

म्हणून तुआमोतूत एक छान युक्ती करतात. साखळीचा नांगराकडचा भाग वाळूत राहू देतात आणि पुढच्या भागाला मध्ये मध्ये तरंगे बांधतात. इथे काळ्या मोत्यांची शेती चालते. तिच्यातले वाहून आलेले गोल तरंगे किनाऱ्यावर मिळतात, तेच वापरतात. साखळी पोवळ्यांच्या वरून अलगद तरंगते. पोवळं वाचतं आणि साखळी खडकात अडकून आखूडही होत नाही. दोघांचंही भलं! कित्येक बेटांवर आता पक्के तरंगते बोये बसवले आहेत. बोट त्यांनाच बांधायची, नांगर टाकायचाच नाही.

असे पोवळे बघायला फार लांब जायला नको. आपल्या मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात ते आहेत. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्यही आहे. सुट्टीत गेलात, तर होडीवाल्या काकांना नम्रपणे एवढंच विचारा, "काका, नांगर वाळूत टाकलाय ना?"

डोकं चालवा

तुआमोतूत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो. आपल्या मुंबईकडे मात्र उधाणाच्या वेळी पाणी चार-पाच मीटर चढतं. आता हे गणित सोडवा. ओहोटीच्या वेळी एक बोट ३ मीटर पाण्यात नांगर टाकते. भरतीला पाणी ४ मीटर वाढणार आहे. साखळी सुटते ती जागा पाण्यापासून १ मीटर उंच आहे. पाचपट हिशेबानं किती साखळी सोडावी? घाईनं २० म्हणाल, तर मध्यरात्री बोट निघाली म्हणून समजा!

उत्तर आईबाबांना समजावून सांगा, आणि मग पुढच्या अंकाशी ताडून पाहा.

तुमची,
बाई